थंडी, रिपरिप पाऊस आणि दोन लहान मुलं: शनिवारी बाहेर जायचं तरी कुठे?

ओली_छत्री | ६ डिसेंबर, रात्री ९:४०

आम्ही दोघंही पुण्याचे. जूनमध्ये पहिला दणदणीत पाऊस झाला की बाबा स्कूटर काढायचे आणि आम्ही सिंहगडावर. भिजत वर जायचं, कांदाभजी, मडक्यातलं दही, निथळत घरी. पाऊस म्हणजे बाहेर पडायचं निमित्त, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की इंग्लंडला येताना पावसाची काळजी वाटलीच नाही.

ऑगस्टमध्ये रेडिंगला आलो. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी अडीच. ऑक्टोबरपर्यंत मजेत गेले. नोव्हेंबरपासून घराचा तुरुंग झालाय. आज पाच डिग्री आणि धड पाऊसही नाही, नुसती रिपरिप. तरी हट्टाने पार्कात गेलो. मोठा घसरगुंडीवरून थेट खालच्या डबक्यात. धाकटीचे हातमोजे भिजले, त्यातला डावा हरवला, आणि अकराव्या मिनिटाला तिने जो भोंगा लावला तो गाडीत बसेपर्यंत. साडेतीनला घरात दिवे लावले. तिथून झोपेपर्यंत मुलं सोफ्यावर आणि मी छतावर.

नवरा म्हणतो मार्चपर्यंत कळ काढ. मला काढायची नाहीये. घरातले खेळ सुचवू नका, ते सगळे करून झालेत. बाहेर कुठे नेता आणि कसं निभावता ते सांगा.

पेठेतला | ६ डिसेंबर, रात्री १०:०५

इथे काल पहाटे १२ डिग्री. सोसायटीत शेकोटी केली, तिच्या धुरावरून ग्रुपवर भांडण चालू आहे. तुमचं चालू द्या, वाचतोय.

मँचेस्टरचा_मावळा | ६ डिसेंबर, रात्री ११:१२

रेडिंगवाल्यांनी मँचेस्टरवाल्यांसमोर पावसाचं रडगाणं गाऊ नये. आमच्याकडे पाऊस पडत नाही, तो राहायलाच आहे.

गमतीचं सोडा. तुम्ही सिंहगडावर भिजत होतात तेव्हा हवा वीस-बावीस डिग्रीची होती. इथे पाच. पाणी हवेच्या जवळपास २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणजे ओला मोजा घातलेलं पोर कोरड्या मोज्यातल्या पोरापेक्षा कितीतरी लवकर गारठतं. पाऊस तोच आहे हो, भिजायची चैन तेवढी संपली. आमचं पहिलं वर्ष हे न कळल्यामुळे वाया गेलं.

आता आम्ही जागेचा विचार नंतर करतो, आधी हातापायांचा. अंगभर पडल सूट (पायापर्यंतचा रेनकोट), आणि त्याचे पाय वेलीजच्या, म्हणजे रबरी बुटांच्या बाहेरून खाली ओढायचे. आत खोचले तर पाणी सरळ बुटात. वेलीज जरा सैल हव्यात, तंग बुटात जाड मोजा कोंबला की पाय उलट जास्त गार पडतात. हातमोज्यांच्या प्रत्येकी तीन जोड्या. हो, तीन. एक हातात, एक खिशात, एक गाडीत. आणि कोरड्या कपड्यांचा अख्खा जोड गाडीत कायमचा, अगदी उन्हाळ्यातसुद्धा.

पोर रडायला लागायच्या पाच मिनिटं आधी निघायचं. हे जमायला मला दोन हिवाळे लागले.

चिंचपोकळी | ७ डिसेंबर, सकाळी ७:२०

"पोर रडायला लागायच्या पाच मिनिटं आधी" हे कळायचं यंत्र कुठे मिळतं? आम्हालाही एक पाठवा.

बटवा | ७ डिसेंबर, सकाळी ८:०२

मी आजी आहे, लेक लीड्सला असते. पहिल्यांदा आले तेव्हा अर्धी बॅग सुती झबली आणि बनियनं आणली होती, सुती अंगाला बरं म्हणून. आपल्याकडच्या घामाला ते बरं. इथे सुती एकदा ओलं झालं की अंगाला चिकटतं आणि वाळायचं नावच घेत नाही. मावळ्यांनी लिहिलंय ते खरं आहे. आता मी लोकरीचं विणते. लोकर भिजली तरी थोडी ऊब धरून ठेवते.

माझ्या माकडटोपीला जावई आधी फार हसले. हल्ली तीच घालून कुत्र्याला फिरवतात.

निळा_मफलर | ७ डिसेंबर, सकाळी ९:३०

मावळा, बाकी सगळ्याला +१, पण गाडीचा विषय निघालाच आहे म्हणून. मुलांना जाड फुगीर जॅकेट घालून कारसीटमध्ये बसवू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण धक्क्यात जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. आधी जॅकेट काढा, पट्टा लावा, मग तेच जॅकेट उलटं करून पांघरुणासारखं टाका. आमच्या हेल्थ व्हिजिटरने (लहान मुलांच्या सरकारी नर्सने) सांगेपर्यंत आम्ही सर्रास चुकीचं करत होतो.

डबेवाली | ७ डिसेंबर, सकाळी १०:१५

रेडिंगहून लंडन ट्रेनने अर्धा-पाऊण तास. हे सगळ्यात मोठं भाग्य आहे तुमचं. फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढा, मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सूट. पाचच्या आतली फुकटच.

साऊथ केन्सिंग्टनला उतरलात की स्टेशनातूनच १८८५ सालचा पादचारी बोगदा आहे, तो संग्रहालयांपाशी निघतो. जवळजवळ कोरडेच पोचता. नॅचरल हिस्टरीमध्ये शिरल्याबरोबर वर २५ मीटरचा निळ्या देवमाशाचा सांगाडा. माझ्या लेकाने पहिल्यांदा बघितला तेव्हा विचारलं, "याचं मटण कोणी खाल्लं?" प्रवेश फुकट, पण शनिवार-रविवारी वेळ आधी नोंदवून ठेवा. डबा न्या, खायला जागा असते. आत सँडविच विकत घेतलं की फुकट प्रवेशाची वसुली होते.

आणि संग्रहालयाचा कंटाळा आला तर डीएलआर, लंडनची डॉकलँड्स लाइट रेल्वे! ती गाडी १९८७ पासून ड्रायव्हरच्या केबिनशिवाय धावते. पहिल्या डब्यातली पुढची सीट पकडायची आणि पोरांना "तू चालव" म्हणायचं. काचेवर पाऊस, समोर रूळ. अकराच्या आतली मुलं मोठ्यांबरोबर फुकट. आम्ही एकदा बँक स्टेशन ते लुइशम अशा दोन फेऱ्या मारल्या, कुठेही उतरलो नाही. मुलांच्या लेखी ती त्या वर्षीची सर्वोत्तम सहल. वाटेत कंटाळा आलाच तर आयलंड गार्डन्सला उतरून ग्रिनिचच्या पादचारी बोगद्यातून थेम्सच्या पोटाखालून चालत पलीकडे. १९०२ चा आहे, आत ओरडलं की मस्त आवाज घुमतो.

गोगलगाय | ७ डिसेंबर, सकाळी ११:००

डबेवालीताई, राग मानू नका, पण शनिवारी दुपारी नॅचरल हिस्टरी म्हणजे संध्याकाळी सहाचं दादर स्टेशन. डायनोसॉरपेक्षा बाबागाड्या जास्त. धागाकर्तीने "बाहेर" विचारलंय. एका छपराखालून दुसऱ्या छपराखाली जाणं म्हणजे बाहेर नव्हे.

डबेवाली | ७ डिसेंबर, सकाळी ११:०८

दादरला देवमासा नाही.

चिंचपोकळी | ७ डिसेंबर, सकाळी ११:१०

सुरमई आहे, पापलेट आहे. जिवंतपणे दिसत नाहीत एवढंच.

स्पष्टवक्ता | ७ डिसेंबर, दुपारी १२:४५

मला हा अट्टहासच कळत नाही. बाहेर गार आहे, ओलं आहे, अंधार आहे. निसर्ग सांगतोय घरात बसा. आमची आई पत्ते, सागरगोटे काढायची. आणि भिजलं की सर्दी होते हेही विसरू नका.

निळा_मफलर | ७ डिसेंबर, दुपारी १:०५

सर्दी विषाणूंनी होते. बंद खोलीत दहा जण एकमेकांवर शिंकतात तेव्हा जास्त होते.

बटवा | ७ डिसेंबर, दुपारी १:३०

होत असेल विषाणूंनी. पण ओल्या डोक्याने फिरू नये ते नाहीच.

थालीपीठ | ७ डिसेंबर, दुपारी २:१०

स्पष्टवक्ता, सहा वर्षांच्या मुलाबरोबर सलग दोन दिवस दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सागरगोटे खेळून दाखवा, मग बोलू. खालच्या मजल्यावरचे शेजारी झाडूच्या दांड्याने छत ठोकतात. (हलके घ्या.)

कार्डिफकर | ७ डिसेंबर, दुपारी ४:२०

बाहेर की आत या भांडणाला आमच्याकडे उत्तर आहे. कार्डिफजवळचं सेंट फेगन्स. १९४८ मध्ये सुरू झालेलं खुलं संग्रहालय. वेल्सभरातली जुनी घरं, शाळा, दुकानं दगड-दगड सोडवून आणून इथे पुन्हा उभी केलीत. ४० हून जास्त इमारती. प्रवेश फुकट, पार्किंगचे पैसे.

हिवाळ्यात मजा अशी की पावसात दहा मिनिटं चालायचं, एखाद्या घरात शिरायचं, आत चुलखंडात खरा विस्तव असतो, हात शेकायचे, पुन्हा बाहेर. खाणकामगारांच्या सहा घरांची एक चाळ आहे, एकाला एक लागून. पहिलं घर १८०५ सालासारखं सजवलेलं, मग १८५५, १८९५, १९२५, १९५५ आणि शेवटचं १९८५. पोरं एका दारातून निघून दुसऱ्या दारात शिरतात आणि तीस-पन्नास वर्षं पुढे जातात. माझी मुलगी १९८५ च्या घरात जुना टीव्ही बघून म्हणाली, "हा आपल्या आजोबांचा!" खरंच, साताऱ्याला तसाच आहे, अजून चालतो.

रेडिंगहून एम-फोर महामार्गाने दोन तास धरा. रोजचं नाही, पण एकदा कराच.

वाट_चुकलेला | ७ डिसेंबर, संध्याकाळी ६:५०

आता पराभवाची कथा ऐका.

लिंकनशरच्या किनाऱ्यावर डोना नूक म्हणून जागा आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथे करड्या सीलच्या माद्या पिल्लं घालायला येतात. हवाई दलाची सरावाची हद्द आहे, त्यामुळे एरवी तिथे माणसांची वर्दळ नाही, आणि सीलना तेच आवडतं म्हणे. पांढऱ्याशुभ्र लोकरीचं पिल्लू कुंपणापासून चार हातांवर पडलेलं असतं. आई त्याला अडीच-तीन आठवडे पाजते, तेवढ्यात ते तिप्पट होतं, मग आई चालती होते.

हे सगळं वाचून आम्ही मागच्या वर्षी तीन तास गाडी हाकली. पार्किंगमधून बाहेर पाऊल टाकलं तर वारा असा की पोराने बोललेलं वाक्य पोराच्याच तोंडात परत. पाऊस आडवा. छत्री उघडली आणि तिथेच तिचं छत्रीपण संपलं. एकूण सहल पंचवीस मिनिटं. येताना तीन तास, जाताना तीन तास, त्यात बायकोचं एक वाक्य: "तूच ठरवलं होतंस ना?"

पण सांगायचं कारण वेगळं. वर्ष झालं, पोरगा अजून सीलचं बोलतो. "बाबा, ते पिल्लू शिंकलं आणि आईने बघितलंसुद्धा नाही." त्या पंचवीस मिनिटांत हे त्याने बघितलं. मी छत्री धरत होतो.

यंदा पुन्हा जाणार. छत्री नेणार नाही.

थालीपीठ | ७ डिसेंबर, संध्याकाळी ७:१५

"तिथेच तिचं छत्रीपण संपलं" 😂 मी ऑफिसच्या कॉलवर होते, म्यूट नव्हते.

सायकलस्वार | ७ डिसेंबर, रात्री ८:३०

उत्रेख्त, नेदरलँड्स. आमच्याकडे शाळा, पोहण्याचा क्लास, सगळं सायकलवर, पाऊस असो की गारा. मुलगा पहिल्या हिवाळ्यात कुरकुरला तेव्हा डच शेजारणीने त्याला ऐकवलं, "तू काही साखरेचा नाहीस." म्हणजे विरघळणार नाहीस. हा त्यांचा वाक्प्रचारच आहे. तेव्हापासून आमच्या घरात साखरगाठीचा विषय काढला की तो चिडतो.

कामाची गोष्ट: पावसाचं रडार बघायची सवय लावा. इथे सगळ्यांच्या फोनवर बाउएनराडार असतं, पुढच्या दोन तासांत सर कधी येणार आणि कधी जाणार ते दाखवतं. इंग्लंडला मेट ऑफिसचं, म्हणजे हवामान खात्याचं आहे. "आज पाऊस आहे" हे निरुपयोगी, "११:२० ते १२:१० नाही" हे उपयोगी. तेवढ्यात जाऊन यायचं. मात्र वादळाची पिवळी-केशरी सूचना असेल तर झाडांखाली अजिबात नाही. तिथे साखरेचं-बिखरेचं चालत नाही.

सुगरण_नाही | ७ डिसेंबर, रात्री ९:००

खाण्याचं कोणी बोललंच नाही, मराठी माणसं ना तुम्ही?

रुंद तोंडाचा थर्मास घ्या. आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, ओतून टाका, मग त्यात आसट वरणभात, तूप, मेतकूट. तीन तासांनी झाकण उघडलं तरी वाफ. ही पायरी गाळली तर कोमट लगदा मिळतो, मी दोन वेळा केलाय. मोठ्यांच्या थर्मासात आलं-गवती चहा किंवा कुळथाचं कढण. डिंकाचा लाडू खिशात. गारठलेल्या पोराला आधी खायला द्या, मग समजूत घाला.

गोगलगाय | ७ डिसेंबर, रात्री ९:४५

सकाळी टीका केली, आता काहीतरी द्यायला हवं.

सगळे चारच्या अंधाराला शिव्या घालताहेत. मला तो सोयीचा वाटतो. उन्हाळ्यात इथे रात्री दहापर्यंत उजेड, मुलांना सूर्यास्त दाखवायचा तर झोपेचं खोबरं. डिसेंबरात सूर्यास्त चारच्या आत, जेवायला घरी.

ब्रायटनच्या पियरवर (समुद्रात शिरलेल्या धक्क्यावर) हिवाळ्यात संध्याकाळी स्टार्लिंग पक्ष्यांचे थवे येतात, हजारोंनी. आपल्या भोरड्यांचे चुलत भाऊ. उजनीच्या पाण्यावर भोरड्या कशा आभाळात चादर झटकल्यासारख्या वळतात, अगदी तसं. तिकीट नाही, रांग नाही. वीस मिनिटांचा खेळ, मग पक्षी पियरखाली झोपायला आणि आपण चिप्स खायला.

दुसरं, स्लिमब्रिज. रेडिंगहून दीडेक तास. १९४६ मध्ये पीटर स्कॉटने सुरू केलेलं पाणपक्ष्यांचं ठिकाण. हिवाळ्यात रशियाच्या टुंड्रातून बेविक हंस येतात. प्रत्येकाच्या चोचीवरचा पिवळा-काळा नक्षा वेगळा, त्यावरून तिथली माणसं एकेका हंसाला ओळखतात. काचेमागे उबेत बसूनही बघता येतं, आणि मुलं आवरेनाशी झाली की बाहेर चिखल आहेच. तिकीट स्वस्त नाही, पण वर्षात तीन-चारदा जाणार असाल तर सभासदत्व परवडतं.

निळा_मफलर | ७ डिसेंबर, रात्री १०:१०

अवांतर पण महत्त्वाचं: बाहेर जा की नका जाऊ, ड जीवनसत्त्व विसरू नका. ऑक्टोबर ते मार्च इथलं ऊन त्या कामाचं नसतं. एनएचएसचा (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा) सल्ला रोज १० मायक्रोग्रॅम, एक ते चार वर्षांच्या मुलांना तर वर्षभर. आपल्या सावळ्या कातडीला मोठेपणीही वर्षभर घ्यायचा विचार करा म्हणतात.

ओली_छत्री | १४ डिसेंबर, रात्री ८:५५

सगळ्यांचे आभार, आणि अहवाल.

काल डीएलआर केली. पुढची सीट दोन गाड्या सोडल्यावर मिळाली. मोठ्याने कॅनरी वॉर्फपर्यंत गाडी "चालवली", मग त्याच्या शेजारी एक साधारण त्याच्याच वयाची मुलगी आली आणि ड्रायव्हर कोण यावरून वाद झाला. मग दोघांनी मिळून चालवली. ग्रिनिचचा बोगदाही झाला. धाकटी आत "आजीऽऽ" ओरडली आणि आजी कुठूनतरी परत ओरडली असं तिला वाटलं, त्यामुळे बाहेर निघायलाच तयार नाही.

फसलं ते असं: थर्मास आधी गरम करायला विसरले. सुगरण_नाही, तुमचा लगदा आम्हीही खाल्ला. आणि हातमोज्यांच्या तीन जोड्यांतल्या दोन घरीच राहिल्या.

नवरा येताना म्हणाला, पुढच्या शनिवारी काय?

मँचेस्टरचा_मावळा | १४ डिसेंबर, रात्री ९:२०

नवरा जिंकला म्हणजे निम्मं काम झालं. कधी उत्तरेला आलात तर यॉर्कचं रेल्वे म्युझियम. फुकट. १९३८ मध्ये ताशी १२६ मैलांचा विक्रम केलेलं मॅलर्ड इंजिन, आणि जपानच्या शिंकान्सेनचा खराखुरा डबा, आत जाऊन बसता येतो. तुमच्या ड्रायव्हरला तिथून ओढून काढावं लागेल.

थालीपीठ | १५ डिसेंबर, सकाळी ८:१०

जाता जाता, जानेवारीत बोरन्हाण येतंय. आम्ही दरवर्षी कौन्सिलचा हॉल घेतो, पंधरा-वीस मुलं, हलव्याचे दागिने आणि बाहेर गळकं आभाळ. बोरं मिळत नाहीत म्हणून द्राक्षं आणि ब्लूबेरी. द्राक्षं उभी चिरून घ्या, छोट्या मुलांच्या घशात अख्खं अडकतं. आणि हॉलच्या गालिच्यावर ब्लूबेरी नको, आमचं डिपॉझिट त्यात गेलं.

चिंचपोकळी | १५ डिसेंबर, सकाळी ८:३०

ब्लूबेरीन्हाण. कलियुग.

इथलीच | १६ डिसेंबर, रात्री ११:३०

नमस्कार. मी इथेच जन्मले, लेस्टर. मराठी लिहायला वेळ लागतो, चुका असतील.

माझे आईबाबा १९८० च्या दशकात आले. तेव्हा पैसे कमी होते. हिवाळ्यात दर रविवारी ते आम्हाला कौन्सिलच्या पोहण्याच्या तलावावर न्यायचे. पाणी गरम, बाहेर पाऊस. मग ओले केस टोपीत घालून गाडीत बसायचं आणि एक मोठं चिप्सचं पाकीट चौघांत. व्हिनेगरचा वास. काचा सगळ्या धुक्याने भरायच्या, आणि बाबा त्या काचेवर बोटाने मराठी अक्षरं काढायचे. क, ख, ग. मला ळ तिथेच आला.

स्पष्टवक्तांना सांगते, आम्ही घरातही पत्ते खेळलो असणार. ते मला आठवत नाही.

बटवा | १७ डिसेंबर, सकाळी ७:४०

किती छान लिहिलंस गं. चूक एकही नाही. केस मात्र पुसायला हवे होते.

स्पष्टवक्ता | १७ डिसेंबर, सकाळी ९:१५

ठीक आहे. पोहायला न्यायला माझी हरकत नाही.

ओली_छत्री | १९ डिसेंबर, रात्री १०:२०

उद्या स्लिमब्रिज. रडारवर ११ ते १ कोरडं दिसतंय. थर्मास काढून ठेवलाय, केटलच्या शेजारीच, विसरायला नको म्हणून. पडल सूट, वेलीज, कोरडे कपडे गाडीत. लाडू मोठ्याने आत्ताच दोन खाल्ले.

धाकटीच्या डाव्या हाताचा मोजा पुन्हा सापडत नाहीये. तिन्ही जोड्यांतला डावाच. हे कसं होतं?

मँचेस्टरचा_मावळा | १९ डिसेंबर, रात्री १०:२६

उजवाच घाला, उलटा करून. त्या वयात अंगठा कुठे असतो ते त्यांनाही माहीत नसतं.